खरवडलेले जाते कोठे?

जहाजाकडे पाहणारा मनुष्य जहाजाचा जो भाग पाहतो तो बहुधा कामाचा नसतो. शिडे गेली, धुराडीही आता बुटकी झाली. तरी धक्क्यावर उभ्या राहणाऱ्याची नजर वरच जाते, आणि ज्याच्या बळावर हा सारा पसारा तरंगतो ते बूड पाण्याखाली, गढूळ अंधारात, कोणाच्या गणतीत नसते. मालकाच्या मात्र ते पक्के गणतीत असते, कारण त्याचा पैसा तेथेच झिजत असतो.

जहाज समुद्रात उतरले की थोड्याच अवधीत त्याच्या बुडावर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर धरू लागतो. मागोमाग शेवाळ येते, आणि मग चुन्याचे घर बांधून राहणारे बार्नॅकल, शिंपले, नळ्यांतून राहणारे किडे. यांतील बार्नॅकल हा प्राणी विलक्षण आहे. बालपणी तो पाण्यात स्वैर हिंडतो, आणि एकदा जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने तेथे स्वतःस कायमचा चिकटवून घेतो व उरलेले आयुष्य पाय हालवून अन्न तोंडाशी ओढण्यात घालवितो. चार्ल्स डार्विनने १८४६ पासून १८५४ पर्यंतची आठ वर्षे या प्राण्याच्या अभ्यासात घालविली. आमच्या वाचकांत दर तीन-चार वर्षांनी बदली होणारी मंडळी पुष्कळ असल्यामुळे, डोके एका जागी चिकटवून पाय हालवीत बसणाऱ्या या प्राण्याविषयी त्यांना तिरस्कार वाटेल की हेवा, हे आम्ही ज्याच्या त्याच्यावर सोपवितो.

जहाजाला मात्र तो परवडत नाही. अमेरिकेतील मायकेल शुल्झ या संशोधकाने २००७ साली युद्धनौकेचा हिशेब मांडून दाखविला. नुसता बुळबुळीत थर जाड झाला तरी तोच वेग राखण्यास सुमारे २० टक्के अधिक शक्ती लागते, आणि कवचांचे दाट पुट चढले की ८६ टक्के. म्हणजे तेवढे तेल अधिक जळते आणि तेवढा धूर अधिक निघतो. २०१८ साली जगातील एकूण मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे २.८९ टक्के वायू एकट्या जहाजवाहतुकीतून निघाले, हे ध्यानी घेतले म्हणजे बुडावरचे पुट हा केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न उरत नाही.

यावर उपाय माणूस फार पूर्वीपासून करीत आला आहे. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. त्या अवधीत बूड खरवडले जाते, आणि होडी पुन्हा पाण्यात जाण्यापूर्वी त्याला नवा लेप बसतो. ते काम उजेडात, कोरड्या वाळूवर, घरच्या माणसांच्या देखत होते. दोनअडीचशे मीटर लांबीचे जहाज असे ओढून काढता येत नाही. सुक्या गोदीत ते पाच वर्षांतून साधारण दोनदा जाते. मधल्या काळात पुट वाढतच राहते. म्हणून पुट धरूच नये असा लेप शोधण्याकडे पहिल्यापासून सर्वांचा कल. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. पत्र्यावर जीव धरेनात आणि लाकूड पोखरणारा किडाही आत शिरेना. परंतु दोन वर्षांत असे दिसून आले की तांब्याच्या सान्निध्याने लोखंडी खिळे खाऊन गेले आहेत. पुढे १८२४ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने खाऱ्या पाण्यात तांबे झिजू नये म्हणून त्याला लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडण्याची युक्ती सुचविली. युक्ती बिनचूक ठरली. तांबे झिजायचे थांबले, आणि त्याबरोबर बुडावर शिंपल्याशेवाळाची वस्ती पुन्हा सुरू झाली. तांबे विरघळून पाण्यात विष सोडीत होते म्हणूनच तर ते जहाजाचे रक्षण करीत होते! विष थांबविले तर रक्षण थांबते, आणि रक्षण हवे तर विष कोणाच्या तरी वाट्यास जाणार. हे त्रांगडे त्या दिवसापासून आजपर्यंत सुटलेले नाही.

विसाव्या शतकात तांब्याहून जालीम असे कथिलाच्या एका संयुगाचे रंग निघाले. जहाजे वर्षानुवर्षे स्वच्छ राहू लागली. पण फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात कालवांची पैदास खुंटली आणि जी जगली त्यांची कवचे वेडीवाकडी जाड झाली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गोगलगायींच्या एका जातीत माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली. फ्रान्सने १९८२ साली लहान नौकांवर या रंगाची बंदी घातली. राष्ट्राराष्ट्रांचा करार २००१ साली झाला आणि तो अमलात येण्यास २००८ साल उजाडले. मालकाच्या बुडावरचे संकट नाहीसे झाले नव्हते. त्याने ते कालवे पोसणाऱ्या कोळ्याच्या दारात नेऊन ठेवले होते, इतकेच.

लेप सोडून नुसते खरवडावे म्हटले तरी प्रश्न सुटत नाही. खरवडलेला जीव मरतोच असे नाही. एका समुद्रात चिकटलेला शिंपला दुसऱ्या बंदरात खरवडून टाकला तर तो तेथे घर मांडू शकतो. अमेरिका खंडाच्या उष्ण अटलांटिक किनाऱ्याकडील एक लहान काळपट शिंपला असाच १९६० नंतरच्या दशकात विशाखापट्टणच्या बंदरात दाखल झाला आणि त्याने तेथील खांबांवर व जहाजांवर वसाहत केली. मुंबईच्या बंदरातही तो आढळतो. हाच जीव १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विन या बंदरात सापडला, तेव्हा सरकारने नौकांच्या गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले. परका शिंपला मेला, त्याच्याबरोबर त्या पाण्यातील सारे घरचे जीवही मेले. न्यूझीलंडने तर मे २०१८ पासून येणाऱ्या जहाजाचे बूड स्वच्छ असलेच पाहिजे असा दंडक केला. तात्पर्य, बूड स्वच्छ झाले की नाही एवढे विचारून भागत नाही. खरवडलेले जाते कोठे, हेही विचारावे लागते.

इथवर झाले ते पाण्यातील जिवांचे. आम्हाला बोलावयाचे आहे ते पाण्यातील माणसांविषयी.

आमचा भाचा सांगलीचा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची सहा महिन्यांची उमेदवारी करण्यासाठी तो कोचीस आला आणि साहजिकच आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिला. ज्या लहानशा कारखान्यात तो उमेदवार होता तेथे जहाजाचे बूड पाण्याखालीच घासून काढणारे यंत्र तयार होत होते. अशी यंत्रे आता जगात नवी नाहीत. दुबईत २०१३ सालापासून समुद्राच्याच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बूड धुऊन, निघालेली घाण ओढून घेऊन गाळणारे यंत्र चालते. नॉर्वेतील योतुन या रंगाच्या कंपनीने २०२० साली चुंबकाच्या चाकांनी पोलाद धरून चालणारे एक यंत्र पुढे आणले. ते जहाजावरच मुक्कामाला असते आणि पुट घट्ट होण्यापूर्वीच पुसून काढते. आपल्याकडे चेन्नईच्या आय्. आय्. टी.तून २०१५ साली निघालेल्या प्लॅनिस या कंपनीने पाण्याखालची तपासणी करणारी यंत्रे बनविली आहेत. भाच्याचा कारखाना या सर्वांपुढे फारच लहान. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

यंत्राची मोठी अडचण अशी की पाण्याखाली रेडिओच्या लहरी पोचत नाहीत, त्यामुळे उपग्रहाकडून ठावठिकाणा कळण्याची सोय तेथे नाही. अंधारात भिंत चाचपीत चालणाऱ्या माणसासारखे ते आपल्या चाकांचे फेरे मोजीत चालते. शेवाळावर चाक घसरले की हिशेब चुकतो आणि ते वाट चुकते. वरच्या नावेतून त्याला वीज आणि हुकूम पुरविणारी एक केबल असते, तिला भाचा 'नाळ' म्हणे. शब्द त्याचाच, आणि आम्हाला तो आवडला. परंतु याहून अवघड गोष्ट म्हणजे ब्रशाचा दाब. दाब कमी पडला तर कवच निघत नाही; अधिक झाला तर कवचाबरोबर रंगही निघतो, रंगातील तांबे बंदराच्या पाण्यात जाते आणि उघड्या पडलेल्या जागी पुढचे पुट अधिक वेगाने धरते. किती दाब कोठे द्यावा हे यंत्राला कोणी सांगावयाचे?

सांगणारा होता. कारखान्याने दोनचार पाणबुडे कामाला लावले होते, त्यांतील एक वयस्क गृहस्थ आरमारात पंधरा वर्षे पाणबुड्याचे काम करून निवृत्त झालेले. काही वर्षे त्यांनी मुंबईस कुलाब्याला काढली होती, त्यामुळे हिंदी चांगले आणि मराठीही मोडकेतोडके येई. भाचा त्यांना इकडच्या रीतीप्रमाणे 'चेट्टा' म्हणू लागला. कोचीच्या खाडीचे पाणी गढूळ. पावसाळ्यात आपलाच पंजा आपल्याला दिसत नाही. अशा पाण्यात हे गृहस्थ हातमोज्यातून नुसत्या स्पर्शावर सांगत की हा बुळबुळीत थर आहे, हा रंगाला आलेला फोड आहे आणि हा वेल्डिंगचा सांधा. ब्रश कवचावरून फिरतो आहे की स्वच्छ पत्र्यावरून, हे त्यांना आवाजावरून कळे. भाच्याचे काम एवढेच की त्यांच्या ब्रशाला दाब मोजणारी साधने बांधावयाची, शिरस्त्राणाला कॅमेरा आणि आवाज टिपणारे यंत्र लावावयाचे, आणि त्यांच्या हाताची प्रत्येक हालचाल आकड्यांत उतरवून घ्यावयाची. त्या आकड्यांवरून यंत्र शिकणार होते. पाणबुड्यांना मात्र असे सांगण्यात आले होते की या नोंदी त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहेत.

एके रात्री जेवताना भाच्याने विचारले, "मामा, मी त्यांच्याकडून शिकतोय आणि जे शिकतोय त्यानेच त्यांचं काम जाणार आहे. त्यांना हे माहीत नाही. मी सांगावं का?"

प्रश्न विचारण्यास सोपा होता. त्याचे उत्तर आम्ही त्या रात्री दिले नाही, आणि पुढे बरेच दिवस हा प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. येथे मांडतो आहोत ते त्याच दिवसांतील विचार.

पहिले उत्तर कोणालाही सुचेल असे आहे. काम जिवावरचे आहे. ते यंत्राने नेले तर माणसावर उपकारच झाला. हे खोटे नाही. दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. जहाजाच्या पोटात समुद्राचे पाणी ओढून घेण्यासाठी जाळीची तोंडे असतात, त्यांना जहाजावरचे लोक सी-चेस्ट म्हणतात. आतला पंप चुकून सुरू झाला तर तेथे काम करणारा पाणबुड्या जाळीला खेचला जातो आणि सुटत नाही. पंखा फिरला तर काय होते ते लिहिण्याची गरज नाही. असे काम जितक्या लवकर माणसाच्या हातून जाईल तितके बरे, हे आम्हास मान्य आहे.

परंतु यंत्र नेमके काय नेते हे पाहिले पाहिजे. चाकाचे यंत्र जहाजाच्या कुशीची रुंद, सपाट भिंत उत्तम घासते. सुकाणूचा सांधा, पंख्याची पाती, सी-चेस्टची जाळी, बुडावरच्या पट्ट्यांच्या बेचक्या या जागी ते जाऊ शकत नाही. आणि जीवजंतूंची दाटी नेमकी अशाच कोनाड्यांत अधिक, कारण तेथे पाण्याचा झोत लागत नाही. म्हणजे पाणबुड्याच्या कामातील जो भाग सोपा, मोकळा, दिवसाची मजुरी भरून काढणारा, तो यंत्र नेते. आणि ज्या भागात जीव जातो तो त्याच्याकडेच राहतो. धोका कमी होतो असे म्हणताना आपण कामाचे तास मोजतो. पण उरलेल्या तासांपैकी प्रत्येक तास पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचा असतो, हे त्या मोजणीत येत नाही. उपकार करणाऱ्याने आपण नेमके काय उचलले आणि काय मागे ठेवले याची यादी करावी, एवढी अपेक्षा गैर नसावी.

केरळातच याहून सोपे असे एक उदाहरण घडले आहे. २०१८ साली तिरुवनंतपुरम येथे गटाराच्या भुयारात माणसाऐवजी उतरणारे 'बॅन्डिकूट' नावाचे यंत्र कामाला लागले. त्या यंत्राविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. भुयारात उतरणे हे काम कोणी निवडलेले नसते. जन्माने ते माणसाच्या गळ्यात बांधलेले असते, आणि त्यात कौशल्य असले तरी त्या कौशल्याला प्रतिष्ठा नसते. ते काम नाहीसे होणे हीच त्या माणसाची मागणी आहे. आपले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावे झाडीत, आणि त्या झाडण्याने त्यांची प्रतिष्ठा वाढली. पण तो खराटा त्यांनी आपण होऊन उचललेला होता. कोणी तरी लादलेला खराटा आणि स्वतः उचललेला खराटा हे एकच नव्हेत, आणि यंत्र त्यांतील कोणता काढून घेते यावर बरेच अवलंबून आहे. आमचे वृद्ध पाणबुडे आपले काम कोणापासून लपवीत नसत. एका पाहुण्याला त्यांनी आपल्या जुन्या गोणपाटी हातमोज्यांची जोडी कपाटातून काढून दाखविल्याचे भाच्याने पाहिले होते.

तरीही त्या गटाराच्या प्रश्नातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली संसदेने जो कायदा केला त्याच्या नावात बंदीचा उल्लेख होता. २०१३ साली दुसरा कायदा करावा लागला, आणि त्याच्या नावात बंदीच्या जोडीला 'पुनर्वसन' हा शब्द आला. एका शब्दाला वीस वर्षे लागली. आम्ही कारकून असल्यामुळे कायद्याची नावे लक्षपूर्वक वाचण्याची आम्हास सवय आहे. आणि आम्हास असे वाटते की या वीस वर्षांत शासनाला जो प्रश्न सुचला तो बंदराच्या पाण्यातील प्रश्नापेक्षा निराळा नव्हता. काम काढून टाकले. ते करणारा माणूस जातो कोठे?

येथे गांधीजींचे नाव घेतले जाईल हे उघड आहे. यंत्रसंस्कृतीवर कडक टीका करणारे 'हिंद स्वराज्य' त्यांनी नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस जाताना 'किल्डोनन कॅसल' या आगबोटीवर लिहिले. त्या बोटीचे बूड कोणी खरवडले होते, ही नोंद इतिहासाने ठेवलेली नाही! परंतु तेच गांधीजी १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद करण्यास तयार झाले, आणि त्याचे त्यांनी दिलेले कारण आम्हास मार्मिक वाटते. बायकोला हाताने शिवण्याचे कष्ट पडतात हे पाहून सिंगरने तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र घडविले, असे त्यांचे म्हणणे. ही कथा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्यातील निकष उपयोगी आहे: यंत्र घडविताना घडविणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणाचा चेहरा होता? बूड घासणारे यंत्र तेलाच्या बिलाचा चेहरा पाहून घडविले जाते. ते काही पाप नव्हे. फक्त मग त्याला पाणबुड्यावरचा उपकार म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो आमच्या भाच्यानेच काढला. विद्या कोणाच्या मालकीची नसते. चेट्टांनी जे हस्तकौशल्य मिळविले ते आरमारातील कोणा वडीलधाऱ्या पाणबुड्याकडून. त्याने दुसऱ्या कोणाकडून. मग ते पुढे माणसाकडे जावो की यंत्राकडे, त्यांना हरकत घेण्याचा काय अधिकार?

हे खरे असूनही पुरेसे नाही. आपल्याकडे गुरु-शिष्याच्या कथांत सर्वांत बोचणारी कथा एकलव्याची आहे. तेथे शिकविले नसतानाही गुरूने शिष्याचा अंगठा मागितला, आणि शिष्याने तो दिला. महाभारताला दोष देणारेही एवढे कबूल करतील की द्रोणाने मागणी तोंडावर केली. एकलव्याला आपण काय देत आहोत हे ठाऊक होते. येथे क्रम उलटा आहे. गुरू मनापासून शिकवीत आहे, शिष्य गुरूचा अंगठा काढून नेत आहे, आणि गुरूला सांगितले आहे की ही तुझ्या अंगठ्याच्या संरक्षणाची व्यवस्था आहे. आरमारातील वडीलधाऱ्या पाणबुड्याने चेट्टांना शिकविले तेव्हा आपण आपल्या जागी माणूस तयार करीत आहोत हे तो जाणत होता, आणि त्यात त्याला आनंद होता. आपली विद्या कोणाला देतो आहोत हे जाणण्याचा आनंद किंवा दुःख, यांवर तरी ज्याची विद्या त्याचा हक्क असावा. यंत्र करू नये असे आमचे मत नाही. यंत्र करावे, ज्याच्या हातावरून ते करावयाचे त्याला सांगून करावे, आणि ज्या दिवशी त्याचा हात यंत्रात उतरेल त्या दिवशी त्या हाताचे काही देणे लागते हे हिशेबात लिहावे.

आमच्या व्यवसायात हा प्रसंग येऊन गेला आहे, म्हणून थोडे स्वानुभवाचे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. आमच्या पिढीत असा लढा झाला नाही. आवक-जावकाची जाड नोंदवही, लाल फितीचे गठ्ठे, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाईल नेणारा शिपाई, हे सारे संगणकाच्या पडद्यात गेले, आणि ते जाताना टिपणी कशी लिहावयाची, कोणता कागद कोणत्या खात्यात जातो, हे यंत्रास समजावून देण्यासाठी आम्हालाच बसविण्यात आले. आमची नोकरी पक्की होती म्हणून आम्ही हसतमुखाने समजावून दिले. रोजंदारीवरचा शिपाई हसला नाही. पण आम्हाला आणि त्यालाही अगोदर एक परिपत्रक आले होते. परिपत्रकाची आपण सारेच थट्टा करतो. तरी विचार केला तर परिपत्रक ही नीतीची अगदी खालची, पण पहिली पायरी आहे: तुमच्या बाबतीत काय ठरले आहे ते तुम्हाला कळविण्यात येत आहे. त्या पाणबुड्यांना ही पायरीसुद्धा मिळालेली नव्हती, कारण ते कोणत्याच आस्थापनेच्या पटावर नव्हते. जहाज आले की बोलावणे, जहाज गेले की सुट्टी. ज्याचे नाव पटावर नाही त्याला परिपत्रक पाठवावयाचे तरी कोठे?

हे सारे आम्ही भाच्याला सांगितले, आणि निर्णय त्याचा त्याच्यावर सोडला. उमेदवारी संपण्याच्या आठवड्यात तो चेट्टांकडे जाऊन सर्व सांगून आला.

त्यांनी दिलेले उत्तर आमच्या कोणत्याही युक्तिवादात बसत नव्हते. ते म्हणाले की ब्रशाला तारा बांधल्या त्या दिवशीच आपल्याला कळले. सुरक्षिततेची साधने माणसाच्या छातीला बांधतात, ब्रशाला नव्हे. म्हणून पहिले तीन आठवडे त्यांनी मुद्दाम हात जड ठेवून घासले. त्या आकड्यांत त्यांचा हात नव्हताच. मग चौथ्या आठवड्यात एका जहाजाचा चांगला, नवा रंग आपल्या ब्रशाखाली उगाच निघतो आहे हे त्यांच्याने बघवेना, आणि ते पुन्हा आपल्या रीतीने घासू लागले. "रंगाने काय केले होते?" असे त्यांनी भाच्याला विचारले. रागावले मात्र नाहीत. सपाटी यंत्राने खुशाल न्यावी, परंतु कोनाड्यांच्या कामाचा दर निराळा लावावा, आणि हे कोणी तरी कागदावर लिहावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

भाच्याने अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या: पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे यंत्राच्या शिक्षणासाठी वापरू नयेत, आणि यंत्र ज्या जागी पोचत नाही त्या जागांची यादी, त्या प्रत्येक जागी पाणबुड्याला असणारा धोका, व त्यावरून सुचविलेला दर. वरिष्ठांनी पहिली सूचना आभार मानून स्वीकारली. दुसऱ्या पानावर त्यांचा शेरा असा की हा विषय अभियांत्रिकीचा नाही, तेव्हा पान वगळावे. भाच्याने पान वगळले नाही. अहवाल त्या पानासह गेला. उमेदवारीचे प्रमाणपत्र टपालाने यावयाचे होते. गणपतीपर्यंत तरी ते सांगलीस पोचलेले नव्हते. चेट्टा सी-चेस्टच्या कामाला अजून जुन्याच दराने उतरतात.